फूल

आपल्या भाषेत डोळे जाण्याआधी
येतात.
लाल, चिकट, न कळवता,
आणि सकाळी पापण्या सोडवायला
कोमट पाणी मागतात.

त्या श्रावणात तळवलीत घरोघर डोळे आले होते
आणि धाकूबाय मढवींच्या ओटीवर रांग.
चांदणीची फुलं, दव सुकायच्या आत खुडलेली,
दारुहळदीचा काढा, धुवट फडक्यातून सात वेळा गाळलेला.
दोन थेंब ह्या डोळ्यात, दोन त्या.
पैसे नाहीत. घेतले की गुण जातो.

मी एक बाटली मागून आणली.
कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये बशीभर जंतू उगवले,
मधोमध खड्डा पाडला, त्यात धाकूबायचा थेंब.
सदतीस अंश, एक रात्र.
सकाळी थेंबाभोवती स्वच्छ कडं:
तेरा मिलिमीटर. तीनदा मोजलं.
शेजारी विकतच्या थेंबांचं सव्वीस.
आणि नुसत्या चांदणीच्या रसाला काहीच नाही,
जंतू अगदी काठाशी येऊन बसलेले,
ओटीवरच्या रांगेसारखे.

मी पेढे आणणार होते.
सर म्हणाले, बशी रडत नाही.
डोळा रडतो, औषध धुऊन टाकतो.
माणसांना विचारून ये.

धाकूबायचा पुरावा भिंतीवर होता.
कोळशाच्या रेघा, एकशे चौदा.
"परत कोन आला? कोनी नाय.
मंग बराच झाला ना गो."

रेघांना नावं नव्हती, पण तिला माणसं पाठ होती:
टेम्पोवाल्याची मधली, इस्त्रीवाला,
सेक्टर नऊची मास्तरीण, तिचा नवरा.
मी वही घेऊन दारं वाजवत फिरले.
एकाहत्तर सापडले.
बहुतेक बरे, सातव्या-आठव्या दिवशी.
त्यांतल्या नऊ जणांनी बाटली खिडकीत ठेवली होती
आणि विसरले होते.
तेही बरे, सातव्या-आठव्या दिवशी.
त्या नऊ बाटल्या अजून माझ्या झोपेत
खिडकीत उभ्या असतात.

एकाहत्तरावा रबाळ्याच्या गेटवर भेटला.
ग्यानोजी आडे, किनवटचा, रात्रपाळीचा वॉचमन.
त्याचे डोळे आलेच नव्हते.
वेल्डिंगच्या शेडवरून जाताना काहीतरी उडालं होतं,
लाली तीच, पाणी तेच, म्हणून रांग तीच.
आता उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका.
"फूल पडलं," तो म्हणाला,
जसं कुणी म्हणेल, अंगणात.

परत का नाही गेलात?
बॅटरी ह्या हातातून त्या हातात घेत म्हणाला,
"म्हातारीचा हात लई थंड होता, ताई.
तिला वाईट वाटलं असतं."

हे मी धाकूबायला सांगितलं
तेव्हा ती फुलं खुडत होती.
खुडायची थांबली नाही.
बऱ्याच वेळाने: "कंचा डोला?"
उजवा.
मग बोट पाण्यात बुडवून भिंतीपाशी गेली
आणि एकशे चौदा रेघांपुढे
तसंच उचललेलं बोट घेऊन उभी राहिली,
कारण त्याची कुठली
हे तिलाही माहीत नव्हतं.
पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

हल्ली ती आधी मोबाइलचा उजेड पाडते.
काही खुपलं का, विचारते.
पांढरं दिसलं की थेंब नाही,
वाशीच्या इस्पितळाचं रिक्षाभाडं हातावर.
बाकीच्यांना दोन ह्यात, दोन त्यात,
आणि भिंतीवर रेघ. सवय.

माझ्या प्रबंधात तेरा मिलिमीटर ठळक अक्षरात आहे.
खाली एक बारीक ओळ:
पाठपुरावा झाला नाही, त्रेचाळीस.
पाठ फिरवून गेलेल्यांचा पुरावा.
सर म्हणतात, एवढं चालतं.

रविवार आहे.
चप्पल घालते आहे.